पापुद्र्यांचा दसरा

मुलांनो, मनातल्या मनात पुरणाची चाळण हातात घ्या. भोकं दिसतात ना? आता ती लहान करा. रव्याच्या चाळणीएवढी करा. मग पिठाच्या चाळणीएवढी. मग जुन्या धोतराच्या विणीएवढी. थांबू नका, आणखी लहान करा. भोकं दिसायचीच बंद झाली आणि हातात नुसता पांढरा, गुळगुळीत, कागदासारखा तुकडा राहिला, की थांबा. बघणारा म्हणेल, याला भोकंच नाहीत. म्हणू द्या. या तुकड्यातून पाणी खाली जातं, पाण्यात विरघळलेलं मीठ जातं, साखर जाते. पण पाण्यातलं प्रथिन जात नाही. ते अंगाने मोठं असतं. बाजाराच्या दिवशी डोक्यावर पाटी घेऊन एसटीत चढणाऱ्या बाईसारखं ते दारातच अडतं.

आता या चाळणीवर कच्च्या पपईचा चीक ओता. पाण्यात कालवून, फडक्यातून गाळून मगच ओता. पपईच्या चिकात एक फार कामसू प्रथिन असतं. अशा कामसू प्रथिनांना शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात. हे विकर दुसऱ्या प्रथिनांचे तुकडे करत सुटतं. म्हणून तर निबर मटणात पपईची फोड टाकली की ते लवकर शिजतं, आणि चीक काढणाऱ्या बायांच्या बोटांची सालं जातात. रेशीम मऊ करणारे कारखाने हे विकर विकत घेतात, पण त्यांना ते स्वच्छ लागतं. चीक उकळून आटवला तर विकर मरतं. उन्हात वाळवला तर अर्धं मरतं आणि राहिलेलं तांबडं पडतं. म्हणून ही चाळण. पंपाने दाब द्यायचा, पाणी आणि बारीकसारीक खाली जाऊ द्यायचं, विकर वर राहतं. चहाच्या गाळणीत वर राहतं ते आपण टाकतो आणि खाली जातं ते पितो. इथे उलट आहे. एवढं ध्यानात ठेवलंत तर पुढची गोष्ट कळेल.

गोष्ट १९९६ सालची. पाटोद्याजवळच्या एका वाडीत, पपईच्या बागेला लागून पत्र्याचं एक गोदाम होतं, आणि त्यात मृत्युंजयआप्पांनी अशी चाळण बसवली होती. आप्पांच्या घरचं पाटोद्यात भांड्यांचं दुकान, तीन पिढ्यांचं. आप्पा स्वतः बी.एस्सी. झालेले, वय तीस, कपाळावर भस्माचे पट्टे आणि खिशात कायम टेस्टर. त्या दिवसांत वर्तमानपत्रात रोज छापून येत होतं, की देशाची दारं उघडली. आप्पांनी ते मनावर घेतलं. त्या उघड्या दारातून वाडीपर्यंत जे पोचलं ते हे यंत्र: स्टीलच्या दोन जाड पाट्या, त्यांच्यामध्ये बारा पांढरे तुकडे, आणि एक पंप. यंत्र बसवायला पुण्याहून आलेला इंजिनिअर त्या तुकड्यांना मेंब्रेन म्हणायचा. वाडी पापुद्रे म्हणायची.

यंत्र चालवायला बजरंग होता. बजरंग आणि त्याची बायको दर वर्षी ऊसतोडीला जायचे आणि त्यांच्याबरोबर त्यांची मुलगी दीपमाला जायची. दीपमाला दहा वर्षांची, पाचवीत. म्हणजे पटावर पाचवीत. मागच्या वर्षी ती साखर कारखान्यावरून उन्हाळ्यात परत आली, तेव्हा तिचा वर्ग भागाकार सोडून अपूर्णांकांवर गेला होता, आणि तिला न विचारता गेला होता.

यंदा आप्पांनी बजरंगला स्वच्छ सांगितलं होतं.

"दसऱ्याच्या संध्याकाळच्या एसटीने नमुना पुण्याला गेला पायजे. चाचणीत उतरला तर कंपनी वर्षभर माल घेती. मग तू बारा महिने माझ्याकडं. न्हाई उतरला, तर मी भांडी विकीन, तू ऊस तोड."

"मुकादमाला काय सांगू?"

"कधी येतोय?"

"दसऱ्याला. सोनं द्यायला. हो का न्हाई ते तवाच सांगायचंय."

"मग दसऱ्यालाच सांग."

हे बोलणं दीपमालाच्या समोर झालं. तिच्या मांडीवर अपूर्णांकांचं पुस्तक उघडं होतं. तिने ते मिटलं नाही, पण पानही उलटलं नाही.

आता बजरंगच्या आईबद्दल सांगतो, कारण पुढचं सगळं त्यांनी केलं. सुभद्राबाई बागेत चीक काढायच्या. ऊन चढायच्या आत हिरव्या पपईवर बांबूच्या धारदार काडीने उभ्या रेघा ओढायच्या आणि खाली प्लॅस्टिकची ताटली धरायची. लोखंड लावायचं नाही, लोखंडाने चीक नासतो. हे काम त्या चांगलं करायच्या, पण त्यांचं नाव होतं ते दसरा काढण्यात. नवरात्र बसायच्या आत घरातलं सगळं बाहेर काढून धुवायचं आणि उन्हात वाळवायचं, याला दसरा काढणं म्हणतात. बाकीच्या बाया गोधड्या धुतात, डबे घासतात. सुभद्राबाईंनी एका वर्षी भिंतीवरचं घड्याळ धुतलं होतं. ते बंद पडलं, पण स्वच्छ बंद पडलं.

घरचा दसरा घट बसायच्या आधीच झाला होता. राहिलं होतं गोदाम. खंडेनवमीला तिथल्या हत्यारांची पूजा होती, आणि न धुतलेल्या हत्याराला हळदीकुंकू लावणं सुभद्राबाईंच्या शिस्तीत बसत नव्हतं. अष्टमीच्या सकाळी वीज नव्हती. आप्पा दुकानावर होते. पंपाचं एक वायसर झिजलं होतं, दुसरं आणायला बजरंग मांजरसुंब्याच्या गॅरेजवर गेला होता. सुभद्राबाईंनी चावी घेतली, नातीला घेतलं, आणि दोघी गोदामात शिरल्या.

त्यांनी फरशी धुतली. पंप पुसला. स्टीलच्या पाट्या चिंचेने घासल्या. मग कोपऱ्यात झाकणाची एक बादली सापडली. सुभद्राबाईंनी झाकण उचललं आणि नाकाला पदर लावला.

"ह्यात काय कुजवून ठिवलंय ह्यानं?"

"आजी, ते पापुद्रे हायेत. औषधाच्या पाण्यात ठिवलेत. बाबा म्हणले व्हते, त्यांना वाळू द्यायचं न्हाई."

"कावून?"

दीपमालाला कारण माहीत नव्हतं. बाबांनी सांगितलं नव्हतं, कारण बाबांनाही कोणी सांगितलं नव्हतं. इंजिनिअर 'ओले ठेवा' म्हणाला होता आणि जेवायला गेला होता.

"ओली वस्तू झाकून ठिवली तर तिला बुरशी येती," सुभद्राबाई म्हणाल्या. "सणासुदीला असला वास ठिवत्यात व्हय?"

"पण बाबा म्हणले..."

"तुझ्या बापाला बी मीच धुतलाय. आण ती बादली."

दीपमालाने बादली आणली. हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. उलट खरं सांगायचं तर पापुद्रे आजीने धुतलेच नाहीत, तिनेच धुतले. एकेक पापुद्रा पाच पाण्यांतून काढला. गोदामाबाहेर दोरी बांधली आणि बाराच्या बारा पापुद्रे चिमट्यांनी ओळीत अडकवले, एकही सुरकुती न पाडता. आश्विनातलं ऊन होतं. दुपारपर्यंत पापुद्रे पापडासारखे कडक झाले. तिने ते एकावर एक रचून स्वच्छ फडक्यात बांधले आणि यंत्रावर ठेवले. ते गाठोडं तिला फार आवडलं.

नवमीला पूजा झाली. यंत्राला झेंडूचा हार, पंपाला कुंकू, टेस्टरला अक्षता. आप्पा आल्याबरोबर गाठोडं बघून "अरे वा" म्हणाले. आत काय आहे ते पूजेच्या गडबडीत त्यांनी विचारलं नाही. बजरंगच्या हाताला पापुद्रे कडक लागले, पण पाणी लागलं की मऊ होतील असं धरून त्याने ते पाट्यांमध्ये बसवले, बोल्ट आवळले. दहाच्या सुमारास वीज आली. पंप सुरू झाला. दाबाचा काटा चढला, आणखी चढला, लाल रेघेला टेकला. खालच्या नळीतून पाणी यायला पाहिजे होतं. नळी कोरडी.

बजरंगने बोल्ट सैल केले. परत आवळले. नळीत फुंकून बघितलं. आप्पांनी पंप बंद केला आणि एक पापुद्रा बाहेर काढून उजेडात धरला.

"हे बादलीतनं कुणी काढले व्हते?"

"मी," सुभद्राबाई म्हणाल्या. "धुऊन वाळवले. बघा, कसे लखलखीत झालेत."

आप्पा जवळच्या पोत्यावर बसले.

"मावशी," ते म्हणाले, "तुमी धुतलं लई चांगलं."

मग त्यांनी समजावून सांगितलं. पापुद्रा ओला असतो तेव्हा त्याच्या भोकांत पाणी असतं, आणि पाण्याच्या मागून पाणी जातं. वाळला की भोकांत हवा शिरते. एसटीत रुमाल टाकून जागा धरलेल्या माणसासारखी ती हवा मग जागा सोडत नाही. ज्या सामानाचा पापुद्रा बनतो, त्याला मुळात पाण्याचं प्रेम कमी. नवे पापुद्रे परदेशातून पुण्याला आणि पुण्याहून पाटोद्याला यायला दोन महिने लागणार होते. दसरा उद्या होता.

"मग परत भिजवा की," सुभद्राबाई म्हणाल्या. "हरभरा वाळला म्हणून टाकून देत्यात का?"

टबात भिजवले. दुपारभर भिजवले. बजरंगने मुलीकडे बघितलं.

"तुला म्हणलो व्हतो ना?"

"व्हय."

तो वळून परत बोल्ट पुसू लागला. दीपमालाला वाटलं, बाबांनी दोन धपाटे घातले असते तर बरं झालं असतं. धपाटे संपतात. ती टबाशेजारी उकिडवी बसून पापुद्र्यांकडे बघत राहिली. पाण्यातून काढला की पापुद्र्यावर थेंब गोल गोल होऊन बसायचे, अळूच्या पानावर बसतात तसे. पापुद्रा वाकडा केला की घरंगळून जायचे. आत एकही शिरत नव्हता.

चार वाजता तिने एक पापुद्रा पुसून बघितला. कोरडा ठणठणीत.

संध्याकाळी देवीच्या देवळात आरती होती. वीज नेहमीसारखी गेलेली होती, म्हणून बंकट बत्ती पेटवत होता. बंकट लग्नाकार्यांत गॅसबत्त्या भाड्याने द्यायचा आणि नवरात्रात देवीला फुकट द्यायचा. बत्ती पेटवायच्या आधी तिच्या वाटीत स्पिरिट ओतून जाळावं लागतं. वाडीतली पोरं ते बघायला रोज जमायची. आज बंकट बत्तीची टाकी पुसत होता. टाकी रॉकेलने चिकट झाली होती. कोणीतरी तीर्थाचं पाणी तिच्यावर सांडलं होतं आणि ते थेंब थेंब होऊन बसलं होतं.

अळूच्या पानावरच्यासारखं.

दीपमाला पुढे सरकली. बंकटने फडक्यावर स्पिरिट घेतलं आणि टाकीवर फिरवलं. थेंब मोडले. सगळं सपाट होऊन पसरलं.

"बंकटमामा, नुसत्या पाण्यानं कावून न्हाई पुसत?"

"पाण्याला तेलकट जागा आवडत न्हाई. गोळा हून बसतंय, रुसल्यावानी. स्पिरिट बघ, कुटंबी घुसतंय. सरपंचासारखं."

"मला थोडं द्या."

"काय करतीस?"

"एकच थेंब."

बंकटने बाटलीच्या टोपणात दोन थेंब दिले आणि बजावलं, "इस्तवाजवळ जाऊ नको." टोपण दोन्ही हातांत धरून दीपमाला गोदामाकडे निघाली. पळाली नाही, कारण पळाली असती तर सांडलं असतं. सुभद्राबाई आरती अर्धी टाकून तिच्यामागे आल्या. आयुष्यात पहिल्यांदा, असं त्या पुढे सांगायच्या.

गोदामात आप्पा यंत्र गोणपाटात गुंडाळत होते आणि बजरंग सुतळी धरून उभा होता.

"आप्पा, जरा बघा," दीपमाला म्हणाली.

तिने एक पापुद्रा जमिनीवर पसरला. बोटाने त्यावर पाण्याचा थेंब ठेवला. थेंब गोल होऊन बसला. मग शेजारी स्पिरिटचा थेंब टाकला. तो बसला नाही. पसरला, आत गेला, आणि तेवढ्या जागी पापुद्रा काळसर ओला दिसू लागला. त्याच जागेवर तिने परत पाण्याचा थेंब ठेवला. तोही आत गेला.

आप्पा खाली वाकले. मग गुडघ्यांवर बसले.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"बंकटमामाच्या बत्तीनं."

आप्पांनी कपाळाला हात लावला. भस्म हाताला लागलं. "इंजिनिअर जेवायला बसताना मला म्हणालता, आप्पा, जवळ थोडं अल्कोहोल ठेवत जा, कधी लागलं तर. मला वाटलं, त्याला प्यायला पायजे. आपल्या घरात ते चालत न्हाई. म्हणून मी ऐकलंच न्हाई असं दाखवलं आन त्याला अजून एक पोळी वाढली."

"मग तो काय म्हणला?" बजरंगने विचारलं.

"पोळी चांगली झाली म्हणला."

बंकटने स्पिरिटच्या दोन बाटल्या दिल्या. देवीची आरती झाली होती, आणि उद्यापासून बत्तीला तसंही काम नव्हतं. आप्पांनी निम्मं स्पिरिट, निम्मं पाणी असं टबात कालवलं आणि पापुद्रे त्यात तासभर बुडवून ठेवले. मग पाण्यात घातले, पाणी बदललं, परत घातले. स्पिरिट धुऊन गेलंच पाहिजे, नाहीतर विकर बिघडतं. पाणी बदलायचं काम सुभद्राबाईंनी मागून घेतलं. आप्पांनी सांगितलं होतं चार पाणी. त्यांनी नऊ पाणी केलं. या वेळी कोणी आडवं आलं नाही.

दसऱ्याच्या सकाळी बारापैकी नऊ पापुद्र्यांनी पाणी आत घेतलं. तीन मेलेले निघाले. दोरीच्या टोकाला, सर्वात जास्त उन्हात होते ते. नऊच बसवले. वीज साडेआठला आली. पंप सुरू झाला, काटा चढला, आणि लाल रेघेच्या बराच खाली थांबला. खालच्या नळीच्या तोंडाशी पाणी फुगलं, लोंबलं, पडलं. मग दुसरा थेंब पडला.

"टाका चीक," आप्पा म्हणाले.

दुपारी तीनपर्यंत खाली चार घागरी पिवळट पाणी जमलं आणि वर राहिलं ते अर्धी कळशी, दुधाळ. त्याचीच चाचणी. चाचणी साधी असते: ठरलेल्या मापाचं कोमट दूध घ्यायचं, त्यात ठरलेल्या मापाने नमुना टाकायचा, आणि दूध गोठायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. विकर जितकं जोमदार, तितकं दूध लवकर गोठतं. दूध पुड्यातल्या पावडरीचं, कारण म्हशीचं दूध रोज वेगळं असतं. कंपनीची अट होती, शंभर सेकंदांच्या आत.

आप्पांनी मनगटावरचं घड्याळ काढून दीपमालाच्या हातात दिलं. त्यांचे दोन्ही हात पेल्याला लागणार होते.

तेवढ्यात दारात सुग्रीव मुकादम आला. नवा फेटा, हातात आपट्याच्या पानांची जुडी.

"राम राम. बजरंग, काय चाललंय बे? गाव सीमोल्लंघनाला निघालंय आन तुमी दुधाकडं काय बघताय?"

"दोन मिंटं थांब, सुग्रीवभाऊ."

"मला हो का न्हाई तेवढं सांग. टोळी भरायचीय."

"तेच बघतोय. दूध काय म्हणतंय ते बघून सांगतो."

सुग्रीव पोत्यावर टेकला. "बायकूला इचारून सांगतो म्हणणारे लई भेटले. दुधाला इचारणारा तूच पयला."

आप्पांनी नमुना टाकला. "मोज."

"एक, दोन, तीन..."

दीपमालाचा आवाज सरळ होता. बजरंगची बायको दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या हातात ऊसतोडीचा कोयता होता, आज पूजेला काढलेला; तो घरी ठेवून यायचं ती विसरली होती. चाळीस झाले. दूध दुधासारखंच होतं. साठ झाले. आप्पांनी पेला हळूच फिरवला. दूध काचेवरून सरकलं, पातळ, गुळगुळीत. सुभद्राबाईंनी डोळे मिटले. सत्तर. पंचाहत्तर. काचेवर बारीक कण दिसले, रव्यासारखे.

"ऐंशी, एक्क्याऐंशी, ब्याऐंशी..."

आप्पांनी पेला आडवा केला. दूध हललं नाही.

"ब्याऐंशी," दीपमाला परत म्हणाली.

"झालं का?" सुग्रीवने विचारलं.

"न्हाई," आप्पा म्हणाले. "एकदा झालं ते खरं धरत नसत्यात."

दुसरी वेळ पंच्याऐंशी. तिसरी एक्क्याऐंशी. आप्पांनी तिन्ही पेले रांगेत ठेवले आणि बजरंगकडे बघून मान हलवली. बजरंग सुग्रीवकडे वळला.

"औंदा न्हाई येत, सुग्रीवभाऊ."

सुग्रीवने पेल्यांकडे बघितलं, एकाला बोट लावलं, ते हुंगलं. "दुधापुढं माणसानं काय बोलावं," तो म्हणाला आणि पानं वाटू लागला. सगळ्यांना सोनं दिलं. दीपमालाला देताना थांबला. "मागल्या साली फडात मोळ्या तूच मोजायचीस. कधी चुकली न्हाईस. औंदा कुणी मोजायच्या?"

दीपमालाने पानं घेऊन त्याला नमस्कार केला.

संध्याकाळच्या एसटीने नमुना पुण्याला गेला. बर्फ घातलेल्या डब्यात, कंडक्टरच्या पायापाशी, डब्यावर आपट्याचं एक पान. बजरंगने यंत्र उघडलं आणि पापुद्रे बाहेर काढले. दिवसभराच्या चिकाने ते पिवळट झाले होते आणि त्यांना वास येत होता. सुभद्राबाई जवळ आल्या. त्यांनी वास घेतला. मग बाहेरच्या दोरीकडे बघितलं. दोरीवर चिमटे अजून ओळीत होते.

दीपमालाने ते बघणं बघितलं.

तिने मेलेले तीन पापुद्रे उचलून आजीच्या हातात दिले आणि म्हणाली, "हे घे. हे धुऊन वाळव." राहिलेले नऊ तिने खळबळून औषधाच्या पाण्यात बुडवले, एकेक करून, वर काही राहिलं नाही ना ते बघत. बादलीचं झाकण दाबून बसवलं. झाकणावर ती स्वतः बसली, अपूर्णांकांचं पुस्तक मांडीवर घेतलं, आणि पान उलटलं.